वादनिबंधाचा उपोद्घात

१. संशोधनपर नियतकालिकांत जे निबंध येतात त्यांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. एका वर्गांत अप्रसिद्ध कागद वाचकांपुढें ठेवलेला असतो. दुसऱ्या वर्गांत कागदांच्या आधारें एखादें मत स्थापण्याचा किंवा रूढ मत खोडून काढण्याचा यत्न असतो. पहिल्यास साधननिबंध व दुसऱ्यास वादनिबंध म्हणूं. साधननिबंधांत प्रतीचें वर्णन कसें द्यावें, पाठभेद कसे नोंदवावे, मित्या कशा जुळवाव्या, याविषयीं आपल्याकडे बराच ऊहापोह झालेला आहे. वादनिबंध कसा लिहावा, आणि विशेषतः तो आरंभावा कसा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. वादनिबंधाचा पहिला परिच्छेद हा शोभेचा भाग नसून वाचकास न्यायासनावर बसविणारा भाग आहे. वाद कशाविषयीं आहे, प्रतिपक्षाचें म्हणणें काय, आपली प्रतिज्ञा कोणती, आणि निर्णय कोणत्या पुराव्यावर व्हावयाचा, ह्या चार गोष्टी ज्या उपोद्घातांत सांपडत नाहींत तो कितीहि रसाळ असला तरी निष्फळ होय, असें आमचें म्हणणें आहे. याच्या उलट मत असें कीं, प्रथम वाचकाचें मन आकर्षून घ्यावें, त्यास विषयाची गोडी लावावी आणि मग हळूहळू मुद्द्याकडे न्यावें. ह्या मतास थोर लेखकांच्या उदाहरणांचा आधार आहे; तेव्हां त्याची परीक्षाहि उदाहरणें घेऊनच केली पाहिजे. आम्हीं पुरावा म्हणून जुने मराठी कागद, एकोणिसाव्या शतकांतील निबंध आणि शिवजन्मकालाचा वाद, हीं तीन स्थळें निवडलीं आहेत.

२. प्रथम शास्त्र काय सांगतें तें थोडक्यांत पाहूं. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथांत भाषणाचे अवश्य भाग दोनच मानले आहेत: विषयाचें कथन आणि त्याची सिद्धि. उपोद्घातास तो बांसरीवाल्यानें मूळ गत वाजविण्यापूर्वीं घेतलेल्या सुरांची उपमा देतो, आणि त्याचें मुख्य काम भाषणाचा रोख कोणीकडे आहे हें कळविणें असें म्हणतो. पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत क्विंटिलियन ह्या रोमन आचार्यानें श्रोत्यास अनुकूल, सावध व ग्रहणोत्सुक करणें असें उपोद्घाताचें त्रिविध कार्य सांगितलें. ह्या तिहींपैकीं पहिल्यावरच भर देण्याची खोड मागाहून लेखकांस जडली, आणि आरंभ म्हणजे मनधरणी असा समज रूढ झाला.

ह्या समजुतीचा परिणाम काय होतो त्याचें एक मौजेचें उदाहरण खुद्द सिसेरोच्या चरित्रांत आहे. ह्या वाक्पटूनें निरनिराळ्या ग्रंथांस लावण्यासाठीं प्रस्तावनांचा एक संग्रहच करून ठेविला होता. इ. स. पू. ४४ मध्यें त्यानें कीर्तिविषयक आपला ग्रंथ ॲटिकस ह्या मित्राकडे धाडला. मागून प्रवासांत आपलाच एक जुना ग्रंथ वाचीत असतां त्याच्या ध्यानीं आलें कीं, नव्या ग्रंथास लावलेली प्रस्तावना त्या जुन्या ग्रंथांत पूर्वींच खर्चीं पडलेली आहे! तेव्हां घाईनें दुसरी लिहून, पहिली कापून तिच्या जागीं ही चिकटवावी, असें त्यास मित्राला लिहावें लागलें. सिसेरोच्या शब्दसामर्थ्याविषयीं कोणासच शंका नाहीं. परंतु जी प्रस्तावना दोन ग्रंथांस सारखीच बसते ती वस्तुतः एकाचीहि नसते, हें तत्त्व त्याच्या ह्या पत्रावरून निर्विवाद ठरतें. आपल्या निबंधाचा पहिला परिच्छेद उचलून दुसऱ्या एखाद्या निबंधास लावून पाहावा. तेथें तो खपून गेला तर तो खुशाल काढून टाकावा. यापेक्षां सोपी कसोटी नाहीं.

आपल्या शास्त्रकारांनीं ह्या बाबतींत अधिक काटेकोरपणा दाखविला आहे. ग्रंथारंभीं विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हें अनुबंधचतुष्टय सांगितलें पाहिजे, असा त्यांचा दंडक. ग्रंथ कशाविषयीं, कशासाठीं, विषयाचा व ग्रंथाचा संबंध कोणता, आणि तो कोणीं वाचावा, हें कळल्यावांचून वाचकानें श्रम कां करावे, असा सरळ व्यवहारी विचार त्यांत आहे. मीमांसकांनीं तर प्रत्येक अधिकरणांत विषय मांडून लगेच संशय सांगावा, नंतर पूर्वपक्ष आणि मग सिद्धांत, असा क्रम लावून दिला. ह्या क्रमांतील मर्म संशयाच्या स्थानांत आहे. जेथें दोन कोटि संभवत नाहींत तेथें वाद नाहीं, आणि जेथें वाद नाहीं तेथें वादनिबंधाचें प्रयोजन नाहीं. मंगलाचरणाची चाल आपल्याकडे होतीच; पण मंगल व अनुबंध यांची गल्लत शास्त्रकारांनीं केली नाहीं. देवास नमन झाल्यावर वाचकाशीं व्यवहार निराळा करावा लागतो, हें ते जाणून होते.

३. शास्त्र तें हें. आतां प्रत्यक्ष मराठी कागदांकडे वळूं. पेशवाईंतील कोणतेंहि पत्र घ्या. आरंभीं मायना, मग क्षेमकुशल, आणि त्यानंतर ‘विशेष’ हा शब्द. ह्या शब्दाच्या अलीकडे रीत आणि पलीकडे काम. मायना हा ठराविक असला तरी निरर्थक नाहीं. आशीर्वाद, नमस्कार, दंडवत किंवा रामराम ह्यांपैकीं काय लिहिलें आहे त्यावरून लिहिणारा व घेणारा ह्यांचें परस्परांशीं नातें, जात, दर्जा व कधीं कधीं रुसवाहि कळतो. म्हणून मायना गाळून नुसता मजकूर छापण्याचा मोह संपादकांनीं आवरलाच पाहिजे. परंतु आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें स्थळ ‘विशेष’च्या पुढें आहे. उत्तरादाखल लिहिलेल्या पत्रांत लेखक बहुधा आलेल्या पत्राचा आशय प्रथम उतरून घेतो: आपण पत्र पाठविलें तें पावलें, त्यांत अमुक लिहिलें, अमुक आक्षेप घेतला, असें सांगून मगच तो आपलें म्हणणें मांडतो. ह्या रीतीमुळें आज एका बाजूचें पत्र गहाळ झालें असलें तरी दुसऱ्या बाजूच्या उत्तरावरून त्याचा आशय हातीं लागतो. दुसऱ्याचें बोलणें आधीं नीट सांगणें ही गोष्ट आपल्या कारकुनांच्या हाडीं खिळलेली होती.

बखरींत ह्या दृष्टीनें सर्वांत उत्तम आरंभ कृष्णाजी अनंत सभासदाचा. बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली. तिच्या आरंभीं महाराजांनीं विचारलेला प्रश्न दिलेला आहे. आपल्या वडिलांनीं एवढा पराक्रम केला, पातशाह्यांस जेरीस आणिलें, असें असतां औरंगजेब येऊन किल्ले घेतो, हें कसें? तुम्ही जुने माहितगार, तर मुळापासून चरित्र लिहून पाठवा, असा त्या प्रश्नाचा भावार्थ. हा आरंभ वाचल्यावर पुढील सारें चरित्र एका शंकेचें उत्तर म्हणून वाचलें जातें. वास्तविक सभासदास स्तुतीनें आरंभ करण्यास कोणतीच अडचण नव्हती. विषयहि तसा आणि यजमानहि तसा. पण त्यानें पराक्रम व आपत्ति ह्यांतील विरोध पहिल्या कांहीं ओळींतच उघडा केला. वाचकाचें चित्त ओढून घेण्यास अलंकार लागत नाहींत. खरा विरोध दाखविला म्हणजे पुरतें, हें ह्या उदाहरणानें सिद्ध होतें. उत्तर देतांना सभासदानें प्रश्नाची सर्वस्वीं तड लाविली नाहीं, हा त्या बखरीवरील आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि असा आक्षेप घेणें आपणांस शक्य होतें तेंहि प्रश्न आरंभीं लिहून ठेवल्यामुळेंच.

याच्या शेजारीं रामचंद्रपंत अमात्याचें आज्ञापत्र ठेवून पाहावें. तेथें आधीं शिवाजी महाराजांनीं राज्य कसें साधिलें व पुढें तें कसें राखिलें याचें कथन येतें आणि त्यानंतर राजनीति. हा उपोद्घात भारदस्त आहे, परंतु तो वाद करीत नाहीं. तो अधिकार स्थापन करतो. आज्ञेस प्रतिपक्ष नसतो, त्यामुळें तेथें तेंच योग्य. अडचण येते ती आपण निबंध लिहीत असतां आज्ञापत्राचा सूर धरतों तेव्हां. पूर्वजांच्या थोरवीनें आरंभ करून तिच्या भरांत आपलें मत वाचकाकडून कबूल करवून घेणें, हा मार्ग अमात्यास शोभतो, संशोधकास शोभत नाहीं.

परंतु वादनिबंधाचा खरा कुलपुरुष आमच्या मतें निवाडपत्र हा होय. वतनाच्या वादाचा निवाडा ज्यांनीं वाचला असेल त्यांस त्याची घडण परिचित आहे. आरंभीं काळ व स्थळ. मग हाजिर मजालसीची, म्हणजे जमलेल्या अधिकाऱ्यांची व गोताची यादी. मग अग्रवादी कोण, पश्चिमवादी कोण, आणि वाद कोणत्या वतनाचा. त्यानंतर अग्रवाद्याची तकरीर व पश्चिमवाद्याची तकरीर, दोन्ही सविस्तर. दोघांकडून राजीनामे, जामीन. मग साक्षी, भोगवटा, कागदपत्र. आणि सर्वांच्या शेवटीं निर्णय. हरणाऱ्यानें येजितखत लिहून द्यावयाचें व जिंकणाऱ्यानें निवाडपत्र जपून ठेवावयाचें.

ह्यांत एक विलक्षण गोष्ट आहे, तिच्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. निवाडपत्र राहतें जिंकणाऱ्याच्या घरीं. तरी त्यांत हरणाऱ्याची संपूर्ण कैफियत असते. जिंकणाऱ्याच्या वंशजांनीं पिढ्यानपिढ्या ज्या कागदास प्राणापलीकडे जपलें, त्यानेंच प्रतिपक्षाचें म्हणणेंहि जपून ठेविलें. आज आपण त्या वादाकडे पाहतों तेव्हां मूळ निर्णय चुकलेला असला तरी तो तपासण्याचें साहित्य त्याच कागदांत सांपडतें. प्रतिपक्षाची तकरीर वगळून नुसता निकाल लिहिण्याची रीत असती तर अठराव्या शतकांतील गांवगाड्याविषयींचें आपलें निम्मेंअधिक ज्ञान बुडालें असतें. वादनिबंधाच्या उपोद्घातांत पूर्वपक्ष प्रामाणिकपणें कां मांडावा, ह्या प्रश्नास यापेक्षां चांगलें उत्तर आम्हांस सुचत नाहीं. निबंधकाराचा सिद्धांत नव्या पुराव्यानें उद्यां ढासळेल. पण पूर्वपक्ष नीट मांडला असेल तर निबंध ढासळणार नाहीं.

४. आतां छापखान्याच्या युगांत येऊं. वृत्तपत्रें व मासिकें सुरू झालीं आणि मराठी लेखकासमोर एक नवा वाचक उभा राहिला. हा वाचक मजालसींत हजर नव्हता. तो घरीं बसलेला, अनोळखी, आणि वाटेल तेव्हां कागद बाजूस ठेवण्यास मुखत्यार होता. त्यास धरून कसें ठेवावें, हा प्रश्न प्रथमच उद्भवला, आणि निरनिराळ्या लेखकांनीं तो निरनिराळ्या रीतींनीं सोडविला.

लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचीं शतपत्रें भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रांत १८४८ पासून १८५० पर्यंत निघालीं. पत्राचा आकार लहान, त्यामुळें आरंभ आखूड. समाजांतील एखादें व्यंग ते पहिल्याच वाक्यांत बोट ठेवून दाखवितात आणि मग कारणांकडे वळतात. ह्या रीतींत वेळ दवडला जात नाहीं, हा मोठा गुण. दोष असा कीं, प्रतिपक्षास काय म्हणावयाचें आहे तें बहुधा लेखकाच्याच तोंडून, तेंहि तुटकपणें, ऐकावयास मिळतें. त्यामुळें ज्यास आधींच पटलें आहे त्यास तें अधिक पटतें, आणि ज्यास पटलें नाहीं तो चिडतो. पुढें निबंधमालेंत त्यांच्यावर जो कडक हल्ला झाला त्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांत ह्या तुटकपणाचाहि वांटा असावा.

जोतीराव फुले यांनीं १८७३ च्या ‘गुलामगिरी’त संवादाचा मार्ग धरला. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. संवादामुळें शंका उपस्थित करण्याची सोय झाली खरी. पण धोंडिबा हा जिज्ञासु आहे, पश्चिमवादी नव्हे. उपोद्घात या दृष्टीनें त्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या १८८३ च्या ग्रंथाचा आरंभ आम्हांस श्रेष्ठ वाटतो. तेथें एका लहानशा पद्यांत विद्येच्या अभावापासून वित्तनाशापर्यंतची सारी कारणपरंपरा, पायरीमागून पायरी, सांगितलेली आहे. ग्रंथाची प्रतिज्ञा इतक्या थोड्या शब्दांत व इतक्या तपासण्याजोग्या रूपांत मांडल्याचें दुसरें उदाहरण त्या शतकांत विरळा. ज्यास ती परंपरा मान्य नसेल त्यानें कोणती पायरी खोटी तें दाखवावें, असें जणुं आव्हानच तेथें दिलेलें आहे. तें पद्य आज लोकांच्या तोंडीं आहे याचें कारण त्यांतील यमक नव्हे, त्यांतील अनुमानसांखळी होय.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ च्या जानेवारींत सुरू झाली व तिचे एकंदर ८४ अंक निघाले. मराठी गद्यास डौल शास्त्रीबोवांनीं दिला, ह्यांत वाद नाहीं. आणि ज्या मताची परीक्षा आम्हीं आरंभिली आहे त्याचा सर्वांत मोठा आधारहि तेच. मेकॉले व जॉन्सन ह्या इंग्रज ग्रंथकारांचा त्यांचा व्यासंग दांडगा. निबंधाच्या माथ्यावर सुभाषित, मग एक व्यापक सिद्धांत, मग त्याचा विस्तार, आणि विस्ताराच्या ओघांत प्रस्तुत विषयाचा प्रवेश, असा त्यांचा घाट पुष्कळ ठिकाणीं दिसतो. हा घाट त्यांच्या हातीं यशस्वी झाला, पण कां झाला हें पाहिलें पाहिजे. मराठींतहि गंभीर निबंध लिहितां येतो हीच गोष्ट त्या वेळीं सिद्ध करावयाची होती. पहिल्या अंकांतील मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीवरील निबंधाचें प्रमेय भाषेचें सामर्थ्य हें होतें. त्यामुळें भाषेचा विलास हा तेथें अलंकार नसून पुरावाच होता. ही परिस्थिति एकदांच येते. त्यांच्या अनुकरणानें पुढें ज्यांनीं वतनाच्या कागदावरील चार पानी टिपणासहि सुभाषिताचें तोरण व मानवजातीच्या इतिहासाचा मांडव घातला, त्यांनीं शास्त्रीबोवांचा पोशाख घेतला, प्रयोजन घेतलें नाहीं. सारांश, मनोरंजक आरंभाच्या बाजूनें हें जें सर्वांत बळकट उदाहरण पुढें येतें तेंहि तपासतां आमच्याच पक्षास मिळतें: आरंभ परिणामकारक झाला तो प्रमेयाशीं बांधलेला होता म्हणून.

टिळकांच्या अग्रलेखांत उपोद्घात इतका आटला कीं कित्येकदां मथळाच उपोद्घात झाला. १८९७ च्या जुलैंत रँडच्या खुनानंतर पुण्यांत जी दडपशाही झाली तिच्यावरील ‘केसरी’च्या अग्रलेखास सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय असा मथळा होता. हा प्रश्न आहे, पण संशय नाहीं. उत्तर प्रश्नांतच भरलेलें आहे. राजकीय झुंजींत असा प्रश्न हत्यारासारखा उपयोगी पडतो, आणि त्या प्रसंगीं तो धैर्याचाहि होता. परंतु संशोधनांत उत्तर पोटांत घेतलेला प्रश्न विचारणें म्हणजे साक्षीपुरावा होण्यापूर्वींच निवाडपत्रावर शिक्का मारणें. सभासदाचा प्रश्न व हा प्रश्न ह्यांतील भेद प्रत्येक निबंधकारानें ध्यानांत धरावा. पहिल्याचें उत्तर ग्रंथ वाचल्यावांचून कळत नाहीं. दुसऱ्याचें उत्तर मथळ्यांतच मिळतें.

५. इतिहासक्षेत्रांतील दोन उदाहरणें घेऊन हें प्रकरण पुरें करूं. ग्रांट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ त प्रसिद्ध झाला. मराठ्यांचा उदय हा सह्याद्रीच्या रानांत लागणाऱ्या वणव्यासारखा होता, अशा अर्थाची उपमा त्याच्या नांवावर प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत हीच उपमा पुढें घेऊन तिचें खंडन केलें. वणवा अकस्मात् पेटतो. पण येथें जमीन आधीं तयार झालेली होती, असें दाखविण्यासाठीं त्यांनीं त्या प्रकरणास नांवहि भूमीच्या सिद्धतेचेंच दिलें. प्रतिपक्षाचा सर्वांत चांगला शब्द उचलून, तो वांकडा न करतां, त्याच्याच विरुद्ध आपला सिद्धांत उभा करणें ही उपोद्घाताची परमावधि होय. रानड्यांशीं आज अनेक बाबतींत मतभेद होऊं शकेल. पण ते कोणाशीं व कशाविषयीं वाद करीत आहेत ह्याविषयीं वाचक क्षणभरहि घोंटाळ्यांत पडत नाहीं.

राजवाड्यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला. त्यांत १७५० पासून १७६१ पर्यंतचीं पत्रें असून मागें पानिपतचा प्रश्न उभा आहे. खंडास जोडलेली दीर्घ प्रस्तावना हाच एक वादनिबंध आहे. तिचें अपूर्व बळ असें कीं, ज्या पत्रांवर विधानें उभीं आहेत तीं पत्रें त्याच बांधणींत वाचकाच्या हातीं दिलेलीं आहेत; इतका उघडा पुरावा त्यापूर्वीं क्वचितच कोणी दिला असेल. तिची उणीव अशी कीं, पराभवाचा दोष मल्हारराव होळकर व गोविंदपंत बुंदेले यांच्यावर ठेवतांना त्या दोघांची तकरीर तितक्या विस्तारानें पुढें आलेली नाहीं. मजालस भरली, अग्रवादी बोलला, आणि पश्चिमवाद्याची हजेरी व्हावयाच्या आंतच निकाल लागला, असें वाचकास वाटत राहतें. त्यामुळें हा वाद मिटला नाहीं. शेजवलकरांस १९४६ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्या साऱ्या प्रकरणाची फेरतपासणी करावी लागली. राजवाड्यांच्या तोडीच्या संशोधकाविषयीं हें लिहितांना आमच्या मनांत त्यांच्याविषयींचा आदर रतिभरहि उणा नाहीं. उलट, त्यांनीं पत्रें छापलीं म्हणूनच त्यांच्या प्रस्तावनेवर ही टीका करणें शक्य झालें, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

६. एवढ्या विवेचनानंतर एखादा नमुना पुढें ठेवणें उचित होईल. शिवजन्मकालाचा वाद सर्वपरिचित आहे, म्हणून तोच घेऊं. ह्या विषयावरील निबंधाचा एक आरंभ असा असूं शकेल: ‘शिवछत्रपति हें महाराष्ट्राचें परमदैवत. त्यांच्या चरित्रांतील प्रत्येक घटना आम्हांस पूज्य आहे. अशा युगपुरुषाचा जन्म कोणत्या सुमुहूर्तावर झाला हें जाणण्याची उत्कंठा कोणास नसेल?’ यांतील एकहि वाक्य खोटें नाहीं, आणि एकाचाहि उपयोग नाहीं. सिसेरोची कसोटी लावून पाहा: हाच परिच्छेद राज्याभिषेकावरील, आग्र्याच्या सुटकेवरील किंवा महाराजांच्या मोडी दस्तकांवरील निबंधासहि तितकाच शोभेल. शिवाय, त्यांत भक्तीचें वातावरण उत्पन्न झाल्यामुळें पुढें एखादी तिथि नाकारणें म्हणजे जणुं भक्तीस उणेपणा आणणें, असा नकळत दाब वाचकावर पडतो. हा दाब उत्पन्न करणें हें न्यायासनापुढें साक्षीदारास धाक घालण्यासारखें आहे.

आतां दुसरा आरंभ पाहा: ‘शिवाजी महाराजांच्या जन्मकालाविषयीं दोन पक्ष आहेत. एक पक्ष उत्तरकालीन बखरींच्या आधारें शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, हा काळ धरतो. दुसरा पक्ष जेधे शकावलींतील नोंदीवरून शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे जुन्या ख्रिस्ती गणनेप्रमाणें १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि मानतो. पहिल्या पक्षाचें बळ परंपरेंत आहे: शकावली १९१६ त टिळकांनीं प्रसिद्ध करीपर्यंत हाच काळ सामान्यतः गृहीत धरला जात असे. प्रस्तुत लेखांत दुसरा पक्ष स्वीकारला आहे. शकावलींत दिलेला शुक्रवार गणितानें जुळतो, आणि तिच्या वर्षास व तिथीस कवींद्र परमानंदाच्या शिवभारताचा, म्हणजे महाराजांच्याच काळांतील काव्याचा, दुजोरा मिळतो. बखरींतील उल्लेख एकमेकांपासून स्वतंत्र आहेत कीं एकाच मुळांतून उतरले आहेत, आणि शकावली व शिवभारत हे दोन पुरावे स्वतंत्र आहेत कीं नाहींत, ह्या दोन प्रश्नांवर निर्णय अवलंबून आहे. तेच पुढें क्रमानें तपासले आहेत.’

ह्या परिच्छेदांत एकहि विशेषण गौरवाचें नाहीं. तथापि महाराजांच्या चरित्राविषयीं ज्यास खरी आस्था आहे तो हा वाचून थांबणार नाहीं. दोन तिथींत पावणेतीन वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि त्याप्रमाणें तोरण्याच्या वेळचें, अफजलखानाच्या भेटीच्या वेळचें, राज्याभिषेकाच्या वेळचें महाराजांचें वय बदलतें, हें त्याच्या आपोआप ध्यानांत येतें. त्याहून महत्त्वाचें असें कीं, ज्यास १६२७ चा पक्ष प्रिय आहे त्यासहि आपली बाजू नीट मांडली गेली असें वाटतें, आणि उत्तर द्यावयाचें तर कोणत्या दोन प्रश्नांचें द्यावयाचें हें कळतें. तो रागावून निबंध मिटीत नाहीं. आपले कागद काढून बसतो. वादनिबंधाचें साफल्य यापरतें कोणतें?

७. आमच्या मतावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, प्रतिज्ञा आरंभींच सांगितली म्हणजे कुतूहल मरतें. कथेविषयीं हें खरें असेल. परंतु संशोधनाच्या वाचकाचें कुतूहल ‘काय ठरलें’ एवढ्यावर भागत नाहीं. तें ‘कशावरून ठरलें’ ह्याविषयीं असतें, आणि तें निकाल कळल्यानंतरच खऱ्या अर्थानें जागें होतें. दुसरा आक्षेप असा कीं, पूर्वपक्ष जोरानें मांडला तर वाचक तिकडेच झुकेल. तो तिकडे झुकून तेथेंच राहिला तर आपला सिद्धांत दुबळा आहे, हें छापण्यापूर्वींच कळलेलें बरें. पहिला परिच्छेद लिहितां येत नाहीं अशी अडचण जेव्हां येते तेव्हां बहुधा ती शब्दांची नसते. वाद नेमका कोठें आहे हेंच लेखकाच्या मनांत ठरलेलें नसतें. म्हणून उपोद्घात निबंध पुरा झाल्यावर पुन्हा लिहावा, आणि शेवटीं जें सिद्ध झालें त्याहून अधिक त्यांत कबूल केलें असल्यास तेवढें काढून टाकावें.

हल्लीं येणाऱ्या वादनिबंधांत आणखी एक प्रकारचा आरंभ फार दिसतो, त्याचाहि उल्लेख केला पाहिजे. कागद कोणत्या वाड्यांत, कोणत्या माळ्यावर, किती धुळींत सांपडला, याचें सरस वर्णन प्रथम येतें. कागदाचा ठावठिकाणा व हस्तांतर यांची नोंद अत्यावश्यक आहे, कारण त्यावर त्याची विश्वसनीयता अवलंबून असते. पण ही नोंद पुराव्याच्या विभागांत, कोरडेपणानें, यावी. शोधाचें श्रम मोठे होते म्हणून अनुमान खरें, असा ध्वनि आरंभींच उमटला कीं वाचकाची विवेकबुद्धि सैल पडते. आज हस्तलिखितांच्या छायाप्रती घरबसल्या मिळूं लागल्या आहेत; कागद मिळणें हें पूर्वींइतकें दुर्मिळ राहिलें नाहीं. त्यामुळें यापुढें कागद कोणास मिळाला यापेक्षां त्यावरून वाद कोणीं नीट मांडला, हाच प्रश्न अधिकाधिक महत्त्वाचा होत जाणार.

ज्या संग्राहकांनीं पदरमोड करून दप्तरें राखलीं त्यांच्या ऋणाची फेड नुसत्या आभारानें होत नाहीं. त्यांच्या कागदावर आधारलेला प्रत्येक निबंध असा लिहिला गेला पाहिजे कीं, शंभर वर्षांनीं आपला निर्णय फिरला तरी दोन्ही तकरिरी त्यांत शाबूत सांपडाव्या. जुन्या मजालशींनीं एवढें पथ्य वतनाच्या पांच बिघ्यांसाठीं पाळलें. आपण तें इतिहासासाठीं पाळावें.